सात महिने कुणाच्या हिशेबात? दुर्गम भागातल्या एका डॉक्टरच्या पीजी प्रवेशाचं प्रकरण

पदव्युत्तर (पीजी) वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेचा, म्हणजे नीट-पीजी २०२१ चा निकाल लागला तेव्हा या प्रकरणातल्या डॉक्टरांना ८०० पैकी ४१२ गुण होते. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या वैद्यकीय अधिकारी होत्या. शासनाच्या यादीत ते ठिकाण दुर्गम म्हणून नोंदलेलं. सेवा मोजण्याच्या तारखेपर्यंत तिथे रुजू होऊन तीन वर्षं आणि वर काही आठवडे झाले होते. त्यांना स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एमएस करायचं होतं. जिल्ह्याच्या कार्यालयाने दिलेल्या सेवा प्रमाणपत्रात मात्र दुर्गम भागातली सेवा भरली दोन वर्षं पाच महिने आणि काही दिवस. कोविडच्या पहिल्या वर्षी ज्या सात महिन्यांसाठी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी कोविड केअर सेंटरवर पाठवलं होतं, ते महिने गाळले होते.

या डॉक्टर म्हणजे कुणी एकच व्यक्ती नव्हेत. अशा वादांत कार्यालयात आणि कोर्टात जे पुन्हापुन्हा घडतं ते एका जागी आणून हे प्रकरण मांडलं आहे, म्हणून जिल्हा, आरोग्य केंद्र आणि कार्यालय यांची नावं नाहीत. कायदा, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

सात महिन्यांनी एवढा काय फरक पडतो? वैद्यकीय परिषदेच्या २००० च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांतला नववा विनियम तेव्हा लागू होता. सरकारी सेवेतल्या डॉक्टरने दुर्गम किंवा कठीण भागात काम केलं असेल, तर प्रत्येक वर्षासाठी नीटमध्ये मिळालेल्या गुणांच्या १० टक्के, आणि जास्तीत जास्त ३० टक्के वाढीव गुण त्याखाली देता येत होते. दुर्गम कोणतं हे ठरवायचं काम राज्याचं. वाढीव गुण मिळत ते पूर्ण झालेल्या वर्षांचे. दोन वर्षं अकरा महिने झाले तरी ती दोनच वर्षं. या डॉक्टरांचे ४१२ गुण २० टक्क्यांनी ४९४.४ होतात आणि ३० टक्क्यांनी ५३५.६. मधल्या ४१.२ गुणांत नीट-पीजीच्या यादीत हजारो डॉक्टर बसतात. स्त्रीरोगाची सरकारी जागा आणि रुग्णांवर थेट उपचार नसलेल्या, म्हणजे नॉन-क्लिनिकल विषयाची जागा यांच्यातलं अंतर म्हणजे एवढेच गुण.

थोडं मागे जाऊन हे वाढीव गुण इतके मोलाचे का झाले तेही बघायला हवं. याच विनियमात पदव्युत्तर पदविकेच्या ५० टक्के जागा दुर्गम भागात किमान तीन वर्षं काम केलेल्या सरकारी डॉक्टरांसाठी होत्या. पदवीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या जागांवर असा वेगळा कोटा राज्याला ठेवता येणार नाही, फक्त वाढीव गुण देता येतील, असं सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध दिनेश सिंह चौहान या प्रकरणात १६ ऑगस्ट २०१६ रोजी सांगितलं. पुढे पदविकेच्या जागा पदवीत बदलून घेण्याची मुभा मिळाली आणि कॉलेजांनी त्या मोठ्या प्रमाणावर बदलून घेतल्या. जागा पदवीची झाली आणि पदविकेतला निम्मा वाटा आपोआप आटला. खेड्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी (एमओ) सरळ वाट उरली ती वाढीव गुणांचीच. ३१ ऑगस्ट २०२० रोजी तमिळनाडू मेडिकल ऑफिसर्स असोसिएशनच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१६ ची भूमिका बदलली. राज्यघटनेतल्या समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारातल्या विषयांच्या यादीतल्या, २५ व्या नोंदीखाली सेवेतल्या डॉक्टरांसाठी प्रवेशाचा स्वतंत्र मार्ग ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असं ठरलं. पण अधिकार असणं वेगळं आणि तो वापरणं वेगळं. २०२१ च्या प्रवेशात या डॉक्टरांच्या हाती होते ते वाढीव गुणच.

आता त्या सात महिन्यांकडे येऊ.

एप्रिल २०२० मध्ये जिल्हा कार्यालयातून एक पानी आदेश निघाला. अमुक वैद्यकीय अधिकारी यांची सेवा जिल्हा मुख्यालयातल्या कोविड केअर सेंटरसाठी वर्ग करण्यात येत आहे, असा. ऑगस्टमध्ये त्याला मुदतवाढ मिळाली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या मूळ ठिकाणी परतल्या. पगार पूर्ण काळ प्राथमिक आरोग्य केंद्राच्याच देयकातून निघत होता. आठवड्यातले चार दिवस मुख्यालयात, उरलेले दिवस केंद्रावर, असं त्यांचं चाललं होतं. केंद्रावर दुसरे एमओ नव्हते. दुसरं पद मंजूर होतं आणि रिकामं होतं.

यातल्या एका रात्रीची नोंद मी नीट बघितली. प्रसूतिगृहाच्या रजिस्टरमध्ये जुलै महिन्याच्या पानावर, पहाटे २ वाजून ४० मिनिटांची वेळ. पहिलटकरीण, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची रुग्ण, हिमोग्लोबिन कमी, नदीला पाणी असल्याने पुढे पाठवता आलं नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप. खाली एएनएमची (केंद्रातल्या परिचारिकेची) सही आणि शेजारी या डॉक्टरांची. जिल्हा कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे त्या रात्री या डॉक्टर त्या केंद्रावर नव्हत्याच. त्या सात महिन्यांत अशा १४ प्रसूतींखाली त्यांची सही आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, आणि अशा बाळंतपणाला तज्ज्ञ नसतो म्हणजे काय होतं तेही घरोघरी माहीत आहे. या बाईंना स्त्रीरोगच का हवं होतं, हे त्यांनी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रवेशाच्या तारखांचंही त्या वर्षी काही खरं नव्हतं. परीक्षा आधी जानेवारीत व्हायची होती, मग १८ एप्रिल ठरली, मग तीही पुढे गेली. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलं की कोविडसाठी डॉक्टर हवेत म्हणून परीक्षा किमान चार महिने होणार नाही. शेवटी ती ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर अखिल भारतीय कोट्यातल्या २७ टक्के ओबीसी आणि १० टक्के आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला. नील ऑरेलिओ न्यून्स प्रकरणात ७ जानेवारी २०२२ रोजी हिरवा कंदील मिळाला, सविस्तर कारणं २० जानेवारीला आली, आणि केंद्रीय काउन्सेलिंग, म्हणजे गुणांनुसार जागा वाटण्याच्या फेऱ्या, १२ जानेवारीपासून सुरू झालं. म्हणजे निकाल आणि पहिली फेरी यांच्यामध्ये तीन महिन्यांहून जास्त काळ मोकळा होता.

डॉक्टरांनी सेवा प्रमाणपत्रासाठी पहिला अर्ज ऑक्टोबरमध्येच दिला होता. आस्थापना शाखेतून उत्तर आलं, "मॅडम, आधी काउन्सेलिंग तर सुरू होऊ द्या, मग बघू." हे उत्तर देणारा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या टेबलावर चार तालुक्यांची आस्थापना होती आणि लसीकरणाचे रोजचे अहवालही. पण त्या तीन महिन्यांत जे काम निवांत झालं असतं, ते पुढे आठ दिवसांत करायची पाळी आली. माझं या सगळ्या प्रकरणाबद्दलचं मुख्य म्हणणं इथेच आहे. शासन डॉक्टरला जंगलात पाठवतं, तिथे काम केल्याचं बक्षीस म्हणून गुण देऊ करतं, आणि ते काम झाल्याचा एकमेव पुरावा अशा टेबलावर ठेवतं जिथे तो वेळेत देण्याचं बंधन कुणालाच जाणवत नाही. काउन्सेलिंगचं वेळापत्रक जाहीर होतं. प्रमाणपत्राचं वेळापत्रक कुठेच नसतं.

बंधन कायद्यात आहे, हे बहुतेक डॉक्टरांना ठाऊक नसतं. महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५ हा कायदा सगळ्यांना बदल्यांसाठी माहीत. त्याच्या नावातला दुसरा अर्धा भाग कुणी वाचत नाही. साधारणपणे कुठलीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये, असं तो सांगतो. ऑक्टोबरच्या अर्जात या कायद्याचा उल्लेख करून पोच घेतली असती तर फाइल हलली असतीच असं नाही. पण उशीर कुणाचा, हा प्रश्न पुढे कोर्टात पहिल्या मिनिटाला सुटला असता. माहिती अधिकाराचा इथे उपयोग थोडा. त्याची मुदत ३० दिवसांची आणि फेरी आठ-दहा दिवसांची.

जानेवारीत प्रमाणपत्र हाती आलं आणि त्यात सात महिने वजा होते. शेरा एवढाच: प्रतिनियुक्ती कालावधी वगळून.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी हलकं मानत नाही. हे गुण कागदावरच्या नेमणुकीसाठी दिलेले नाहीत, दुर्गम भागात प्रत्यक्ष राहून केलेल्या कामासाठी आहेत. नेमणूक भामरागड-एटापल्लीकडची किंवा मेळघाटातली, आणि काम मात्र ओळखीपाळखीने मुख्यालयात, हे विदर्भात घडत आलेलं आहे. प्रतिनियुक्तीचे महिने वजा करायचे हा नियम अशा लोकांना आळा घालण्यासाठीच उपयोगी पडतो, आणि तो ढिला केला तर वर्षानुवर्षं खरोखर जंगलात राहिलेल्या डॉक्टरचाच तोटा होतो. कार्यालयाने नियम लावला यात चूक नव्हती. चूक होती ती आदेश न वाचता लावण्यात.

एप्रिलच्या आदेशाची प्रत जिल्हा कार्यालयाच्या नस्तीत (फाइलीत) सापडत नव्हती. नस्तीत होती फक्त ऑगस्टची मुदतवाढ, आणि तिच्यात लिहिलं होतं, "पूर्वीच्याच अटी व शर्तींवर." अटी कोणत्या, हे बघायला कुणी गेलं नाही. मूळ आदेश मिळाला तो आरोग्य केंद्रातच. तिथले औषध निर्माण अधिकारी आवक-जावकही सांभाळत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही कागद हायेत नं मॅडम आपल्यापाशी. आवक नंबर टाकून ठेवले होते मी." लोखंडी कपाटातून फाइल निघाली. आदेशावर आवक शिक्का, तारीख, नंबर. चौथ्या परिच्छेदात हे वाक्य: "संबंधित वैद्यकीय अधिकारी यांनी मूळ पदाचा कार्यभार सांभाळून सदर कामकाज पाहावे."

या वाक्याने वादाचं रूपच बदललं. मूळ पदाचा कार्यभार सांभाळून म्हणजे डॉक्टर केंद्रातून कार्यमुक्त झाल्याच नव्हत्या. कार्यमुक्तीचा आदेश नव्हता, दुसऱ्या कुणाला कार्यभार दिल्याचा अहवालही नव्हता. पगार तिथून. प्रसूती रजिस्टर, बाह्यरुग्ण नोंदवही, मासिक अहवाल यांच्यावरच्या सह्या तिथल्या. उलट बाजूचा एकमेव कागद म्हणजे कोविड केअर सेंटरची ड्युटी लिस्ट, आणि तीही आठवड्यातले चारच दिवस दाखवत होती.

राज्याची तात्पुरती गुणवत्ता यादी लागली तेव्हा डॉक्टरांच्या नावापुढे २० टक्के होते. हरकतीच्या मुदतीत त्यांनी राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलकडे ऑनलाइन हरकत नोंदवली. उत्तर आलं की सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रात जे आहे तेच धरलं जाईल. सेलच्या बाजूने हे उत्तर बरोबर आहे. हजारो अर्जांत प्रत्येकाची सेवा ते मोजत बसू शकत नाहीत. म्हणजे दुरुस्ती जिल्ह्यातूनच व्हायला हवी होती, आणि जिल्हा म्हणत होता, आम्ही दिलंय ते दिलंय.

म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली (रिट) याचिका.

याचिकेत मागायचं काय, यावर वकिलाचा अर्धा दिवस जावा आणि तो जायलाच हवा. सगळ्यात मोह होतो तो मोठी मागणी करण्याचा: ३० टक्के गुण द्या, नवी यादी लावा, अमुक कॉलेजातली एक जागा रिकामी ठेवा. जागा रिकामी ठेवायला न्यायालयं तयार नसतात आणि त्याला कारण आहे. पीजीच्या रिकाम्या जागेवर पुढे कुणीच बसत नाही असं झालं तर तीन वर्षं एक निवासी डॉक्टर (रेसिडेंट) कमी पडतो आणि रुग्णालय तो कमीपणा भोगतं. शिवाय प्रवेशाचं वेळापत्रक काटेकोर पाळलं पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने मृदुल धर (२००५) आणि प्रिया गुप्ता (२०१२) या प्रकरणांपासून सतत बजावलं आहे. त्याच वर्षीच्या प्रवेशात पुढे काय झालं ते बघा. १० जून २०२२ रोजी आस्था गोयल प्रकरणात देशभरात पीजीच्या १,४५६ जागा रिकाम्या असूनही सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक विशेष फेरी घ्यायला नकार दिला. वेळ गेली की रिकामी जागासुद्धा मिळत नाही.

इथे मागणी छोटी ठेवली. एप्रिल आणि ऑगस्टचे दोन्ही आदेश वाचून जिल्हा कार्यालयाने डॉक्टरांच्या निवेदनावर कारणांसह निर्णय द्यावा, तोही पुढच्या फेरीची यादी लागण्याआधी. आणि निर्णय अनुकूल आला तर सेलने तो पुढच्या फेरीसाठी धरावा. बस. या मागणीचा आणखी एक फायदा असा की दुसऱ्या कुठल्याही उमेदवाराची जागा ती थेट हिरावत नव्हती, म्हणून यादीतल्या इतरांना प्रतिवादी करण्याचा प्रश्न टळला. अंतिम यादी लागल्यावर कोर्टात गेलं आणि ज्यांचा क्रमांक खाली जाणार त्यांना सामील केलं नाही, तर बाकी सगळं खरं असूनही याचिका त्याच मुद्द्यावर पडू शकते.

सरकारी वकिलांनी तीन हरकती घेतल्या. पहिली, हा सेवाविषयक वाद आहे, मॅटमध्ये जा. सरकारी कर्मचाऱ्याच्या सेवेचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात हे खरं, आणि मॅटचं खंडपीठ नागपुरातही आहे. पण डॉक्टर पगार, बढती किंवा बदलीबद्दल काही मागत नव्हत्या. मागणी पीजी प्रवेशासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची होती आणि सेल हा त्यातला आवश्यक पक्ष होता. दुसरी हरकत, प्रवेश प्रक्रिया पुढे गेली आहे. तिसरी, सात महिन्यांत त्या नेमक्या कुठे होत्या हा वस्तुस्थितीचा वाद आहे, रिट याचिकेत पुरावा तपासता येत नाही. तिसरी हरकत सगळ्यात वजनदार होती. तिला उत्तर होतं ते छोट्या मागणीतच. कोर्टाने पुरावा तपासावा असं कुणी म्हणतच नव्हतं. ज्याचं ते काम आहे त्याने कागद वाचून निर्णय द्यावा, इतकंच.

वेळेचा मुद्दा मात्र विदर्भातल्या वाचकाला नवा नाही. २०१९ मध्ये याच नागपूर खंडपीठाने २ मे रोजी निकाल दिला होता की मराठा आरक्षणाचा ३० नोव्हेंबर २०१८ चा कायदा त्या वर्षीच्या पीजी वैद्यकीय प्रवेशाला लागणार नाही, कारण प्रवेश प्रक्रिया त्याआधीच सुरू झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मग २० मे रोजी राज्याने अध्यादेश काढून ते प्रवेश टिकवायचा प्रयत्न केला, आणि ३० मे रोजी आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण त्या वर्षीच्या राज्यातल्या पीजी प्रवेशापुरतं सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. दोन महिने मुलं बॅगा भरून बसली होती. कोणाचा हक्क खरा यावर वाद होताच. पण निकाल फिरला तो प्रक्रिया कधी सुरू झाली या तारखेवर. पीजीच्या खटल्यात तारखांचा तक्ता हा याचिकेचा कणा असतो, आणि तो जोडपत्रात न टाकता पहिल्या दोन पानांत आला पाहिजे.

खंडपीठाने मागितलं तेवढं दिलं. निवेदनावर चार दिवसांत कारणांसह निर्णय द्या, दोन्ही आदेश विचारात घ्या, निर्णय सेलला कळवा. प्रतिनियुक्तीचा काळ दुर्गम सेवेत मोजायचा की नाही या प्रश्नावर न्यायालयाने मत दिलं नाही आणि तसं स्पष्ट लिहिलं.

चौथ्या दिवशी सुधारित प्रमाणपत्र निघालं. तीन वर्षं पूर्ण, ३० टक्के.

पण पहिली फेरी तोवर होऊन गेली होती. ४९४.४ गुणांवर डॉक्टरांना एका सरकारी कॉलेजात पॅथॉलॉजी मिळाली होती. ती घेतली नाही आणि पुढच्या फेरीत काही मिळालं नाही तर वर्ष हातचं जाणार. घेतली आणि सीट कायम केली तर पुढचा रस्ता बंद. त्यांनी तिथे प्रवेश घेतला आणि स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला नाही, म्हणजे पुढच्या फेरीसाठी त्या पात्र राहिल्या. हा सल्ला त्यांना कॉलेजातल्या एका सिनियरने दिला होता. त्याबद्दल त्या सिनियरचे आभार मानावेत तेवढे थोडे, कारण घाईत तो फॉर्म भरून मोकळे झालेले आणि नंतर कोर्टात जिंकूनही हात चोळत बसलेले उमेदवार असतात. दुसऱ्या फेरीत ५३५.६ गुणांवर मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात स्त्रीरोगाची जागा मिळाली. नागपूरची जागा, जी पहिल्या फेरीत ३० टक्के गुणांवर त्यांच्या आवाक्यात होती, ती गेली होती.

ती परत मागता आली असती का? कायद्यात त्याला जागा आहे, पण अरुंद. एस. कृष्णा श्रद्धा प्रकरणात १३ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एमबीबीएसपुरतं सांगितलं की उमेदवार वेळ न घालवता कोर्टात आला असेल, त्याचा काही दोष नसेल आणि चूक यंत्रणेची असेल, तर अपवाद म्हणून मुदतीनंतर महिनाभरात प्रवेश देता येतो, ते जमलं नाही तर पुढच्या वर्षी जागा देता येते, भरपाईही देता येते. पीजीत हेच तत्त्व नोव्हेंबर २०२० मध्ये तेलंगणातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात लागू झालं. तिला सर्जरीची पुढच्या वर्षीची जागा आणि कॉलेजकडून १० लाखांची भरपाई मिळाली. आमच्या डॉक्टरांनी त्या वाटेने जायचं नाही असं ठरवलं. मला तो निर्णय पटला. विषय हवा तो मिळाला होता, नागपूरच्या जागेवर रुजू झालेला मुलगा वर्ध्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला होता आणि त्याने कुणाचं काही लुबाडलं नव्हतं. अशा प्रत्येक याचिकेत कोर्टात हजर नसलेला असा एक जण असतो. त्याच्याविषयी विचार न करता लढलेला खटला मला अर्धवट वाटतो.

कार्यमुक्तीने पुन्हा जीव टांगणीला लावला. जागा मिळाल्यावर रुजू व्हायला मोजके दिवस, आणि जिल्हा कार्यालय विचारत होतं, तुमच्या जागी कोण? हा प्रश्न खरा होता. दुसरं पद अजूनही रिकामंच. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी शेजारच्या केंद्राच्या एमओंकडे कार्यभार देऊन आदेश निघाला, आणि त्या रात्रभर गाडीने प्रवास करून सकाळी कॉलेजात पोचल्या. यावर न्यायालयाचा आदेश नव्हता आणि लागलाही नसता. सुधारित प्रमाणपत्र मागतानाच कार्यमुक्तीचा अर्जही देऊन ठेवायला हवा, हे आता मी प्रत्येक एमओला सांगतो.

या प्रवेशानंतर सहा-सात महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०२२ रोजी, राज्याने पीजीच्या जागांमध्ये सेवेतल्या डॉक्टरांसाठी २० टक्के कोटा ठेवणारा शासन निर्णय काढला. त्यालाही मध्येच नियम बदलल्याच्या कारणावरून आव्हान मिळालं, आणि उच्च व सर्वोच्च दोन्ही न्यायालयांत तो टिकला. २०२० च्या घटनापीठाने दिलेला अधिकार राज्याने वापरला, हे चांगलं झालं. त्या घटनापीठाने राज्यांकडून आणखी एक अपेक्षा केली होती: अशा मार्गाने पीजी झालेल्या डॉक्टरांनी पुढे ग्रामीण, आदिवासी, डोंगराळ भागात काही वर्षं सेवा द्यावी आणि तसं बंधपत्र घ्यावं. ही अपेक्षा रास्तच आहे. पण कोटा असो की वाढीव गुण, दोन्हींच्या दारात तेच सेवा प्रमाणपत्र उभं आहे.

मूळ कायदेशीर प्रश्न अजून उघडाच राहिला. या डॉक्टरांचा आदेश "मूळ पदाचा कार्यभार सांभाळून" असा होता म्हणून त्या सुटल्या. ज्याला पूर्णवेळ पाठवलं, कार्यमुक्त केलं, आणि ज्याचं त्यात काहीच चाललं नाही, त्याचं काय? साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यांखालचे आदेश नाकारायची सोय कुठल्याच डॉक्टरला नव्हती. स्वतः मागून घेतलेली प्रतिनियुक्ती आणि अशी लादलेली प्रतिनियुक्ती एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं. उलट बाजूने असं म्हणता येईल की विनियमाला कारणाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त ठिकाण कळतं, आणि जिल्हा मुख्यालय दुर्गम यादीत नाही. माझ्या मते हा युक्तिवाद शब्दशः घेतला तर टिकेलही. म्हणून हा मुद्दा लढवणाऱ्याने फक्त न्यायाच्या गोष्टी करून भागणार नाही. प्रतिनियुक्तीची मागणी आपण केली नव्हती हे दाखवणारा पत्रव्यवहार, पाठवण्यामागच्या आदेशातली कायद्याची कलमं, त्या काळात मूळ केंद्रावर दुसरा डॉक्टर दिला होता की नाही याचा मासिक अहवाल, आणि त्याच जिल्ह्यात अशाच प्रतिनियुक्तीवरच्या दुसऱ्या कुणाचे महिने मोजले गेले असतील तर त्याचं प्रमाणपत्र, हे चारही कागद पहिल्याच तारखेला शपथपत्रासोबत असले पाहिजेत. चौथा कागद मिळाला तर अनुच्छेद १४ खाली समान वागणुकीचा मुद्दा उभा राहतो, आणि मग ठिकाणाच्या यादीवरून चाललेल्या वादाला वेगळं वळण देता येतं.